छोट्या ट्रॅक्टरची डिझेल टाकी गळते आहे? शोधण्यापासून परत बसवण्यापर्यंत

ट्रॅक्टर उभा असतो त्या जागी डिझेलचा डाग दिसला की सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. ओल दिसेल तिथे साबणाची वडी घासून काम पुढे ढकललं जातं, नाहीतर लगेच टाकी उतरवून वेल्डरपुढे नेऊन ठेवली जाते. साबण डिझेलमध्ये सहजी विरघळत नाही, त्यामुळे पहिला उपाय शेतातून परत येण्यापुरता खरोखर चालतो. दुसरा उपाय जिवावर बेतू शकतो, आणि पुष्कळदा टाकी मुळात फुटलेलीच नसते.

हे काम पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी मी इथे क्रमाने लिहितो आहे. तुम्हाला पाने वापरता येतात आणि नट-बोल्ट न बिघडवता उघडता येतो, एवढंच गृहीत धरलं आहे. दोन गोष्टी आधीच पक्क्या करा. गळती टाकीचीच आहे हे डोळ्यांनी दिसेपर्यंत टाकी उतरवायची नाही. आणि उतरवलेली रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, हे काम संपेपर्यंत विसरायचं नाही.

१. आधी आगीबद्दल

डिझेल पेट्रोलसारखं झटकन पेटत नाही, हे खरं आहे. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते. डिझेलची वाफ पेटण्याइतकी व्हायला ते साधारण ५० अंशांच्या पुढे तापावं लागतं. यावरूनच "डिझेलला काही होत नाही" अशी समजूत झाली आहे. पण ती थंड डिझेलपुरतीच खरी आहे. वेल्डिंगच्या ठिणगीखाली पत्रा शेकडो अंश तापतो. टाकीच्या शिवणीत, कोपऱ्यात, गंजाच्या पापुद्र्याखाली चिकटून राहिलेलं चमचाभर डिझेल त्या उष्णतेने वाफ होतं, आतल्या हवेत मिसळतं आणि बंद भांड्यात पेटतं. टाकी फुटते ती अशी. भरलेल्या टाकीत हवेला जागाच कमी असते. रिकाम्या टाकीत हवाही असते आणि वाफही.

म्हणून काही नियम, ज्यांना अपवाद नाही:

- काम उघड्यावर किंवा चारही बाजूंनी हवा खेळेल अशा जागी करा. इंधनाची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात, चरात, तळघरात साचून राहते.
- बिडी-सिगारेट, ग्राइंडर, उघडा बल्ब, शेगडी जवळ नको. टॉर्च वापरा.
- इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड झाल्याशिवाय हात लावू नका.
- बॅटरीची ऋण तार आधी काढा. जोडताना ती सगळ्यात शेवटी जोडा.
- कोरड्या पावडरचं किंवा फोमचं अग्निशामक हाताशी ठेवा, सोबत वाळूची बादली. पेटलेल्या डिझेलवर पाणी मारलं तर डिझेल पाण्यावर तरंगत पसरतं आणि आगही पसरते.

तुमचा ट्रॅक्टर पेट्रोलवर चालणारा असेल तर नळ्या, क्लिप आणि वॉशर बदलण्यापलीकडे जाऊ नका. टाकीच गळत असेल तर नवी टाकी बसवा. पेट्रोलच्या टाकीवर घरच्या घरी उष्णतेचं कोणतंही काम करू नये, असं माझं ठाम मत आहे.

२. सामान आणि कागदपत्रं

ट्रॅक्टरसोबत आलेलं मॅन्युअल आणि मिळालं तर पार्ट्स बुक आधी काढून ठेवा. टाकी कुठल्या क्रमाने सुटते, किती वॉशर आहेत, नळ्या कुठून कुठे जातात हे त्यातल्या चित्रात दिसतं. चेसिसवरच्या पट्टीवरचा मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्या. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या टाक्याही वेगळ्या असू शकतात आणि सुटा भाग मागवताना हा नंबर लागतोच. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर पाना उचलण्याआधी वॉरंटीचे कागद वाचा. स्वतः उघडलेल्या भागावरचा हक्क जाऊ शकतो.

हत्यारं आणि बाकी वस्तू:

- पान्यांचा आणि सॉकेटचा संच, पक्कड, दोन्ही प्रकारचे स्क्रूड्रायव्हर
- टाकीत मावेल त्याहून मोठे, स्वच्छ, झाकणाचे कॅन, गाळणीचं नरसाळं
- पसरट ट्रे किंवा घमेलं, भरपूर सुती फडकी
- नायट्राइल हातमोजे आणि बंद चष्मा
- नवी डिझेल नळी, नव्या क्लिपा, तांब्याचे वॉशर, ओ-रिंग
- वायर ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, अॅसिटोन
- कपडे धुण्याची पावडर किंवा धुण्याचा सोडा
- नळ्यांची तोंडं बंद करायला रबरी बुचं
- खडूची पूड किंवा टाल्कम पावडर

नळी घेताना ती डिझेलसाठीच बनवलेली आहे याची खात्री करा. पाण्याची किंवा हवेची साधी रबरी नळी डिझेलने फुगते, मऊ पडते आणि काही महिन्यांत पुन्हा गळते. ओ-रिंगचंही तेच. नायट्राइल रबर डिझेलला टिकतं. इंधनात बायोडिझेलचं प्रमाण जास्त असेल तर व्हायटॉन या जास्त टिकाऊ रबराच्या रिंगा घ्या.

३. गळती नेमकी कुठे आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डिझेल पातळ असतं आणि पत्र्याला चिकटून सरकतं. वरच्या क्लिपेतून निघालेला थेंब टाकीच्या बाजूने खाली येतो, बुडाला आडवा पळतो आणि सगळ्यात खालच्या टोकाला जाऊन ठिबकतो. जिथे ठिबकतं तिथे भोक आहे असं धरून बसलात की पुढचं सगळं काम चुकीच्या जागी होतं.

पहिल्यांदा टाकी आणि आजूबाजूचा भाग धुऊन काढा. वर्षानुवर्षांची धूळ आणि डिझेल मिळून झालेला काळा थर निघाल्याशिवाय काहीच कळणार नाही. धुतल्यावर फडक्याने कोरडं करा आणि उन्हात तासभर ठेवा. मग संशयाच्या जागांवर खडूची पूड भुरभुरा आणि ट्रॅक्टरखाली कोरा कागद पसरा. डिझेल आलं की पूड काळपट ओली होते आणि ओघळाची सुरुवात स्पष्ट दिसते. तपासायचं ते नेहमी वरून खाली. सगळ्यात वरची ओली जागा हीच खरी गळती.

गळती कधी होते, हेही पुष्कळ सांगून जातं.

टाकी काठोकाठ भरल्यावर थोडी गळते आणि पातळी खाली गेली की थांबते: दोष वरच्या भागात आहे. फ्लोट युनिटची (डिझेलची पातळी गेजला कळवणाऱ्या तरंगत्या भागाची) गॅस्केट, झाकणाचं रबर, रिटर्न नळीचा जोड किंवा टाकीची वरची शिवण बघा.

ट्रॅक्टर उभा असतानाही संथपणे ठिबकतं आणि टाकी जवळजवळ रिकामी झाली तरी थांबत नाही: बुडाचा भाग, डिझेल कॉक, ड्रेन प्लग, किंवा कॉकखालच्या काचेच्या बाऊलची गॅस्केट.

फक्त इंजिन चालू असताना गळतं: बहुधा टाकी निर्दोष आहे. इंजेक्टरकडून परत येणारी रिटर्न नळी, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे देणारा पंप) आणि फिल्टरचे जोड तपासा. रिटर्नच्या बारीक नळ्या उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. त्या इतक्या आडोशाला असतात की टाकीवरच आळ येतो.

नळ्या हाताने हलक्या वाकवून पाहा. वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या तर ती नळी बदलाच, सध्या गळत नसली तरी. प्लास्टिकच्या टाकीत तोटी बसवायला रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी) असतं. ते वाळलं की तोटी हलते आणि तिच्या बुडाशी ओल येते. हेही टाकी फुटल्यासारखंच दिसतं, पण ग्रोमेट बदललं की काम होतं.

धातूच्या टाकीचे खास संशयित म्हणजे पट्ट्याखालचा भाग. टाकी ज्या लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली असते, त्यांच्याखालचं रबर झिजलं की पट्टा पत्र्यावर घासतो. तिथे माती आणि पाणी अडकतं, घासलेल्या जागी गंज लागतो. टाकी बसलेली असताना ही जागा दिसत नाही. बाकी सगळं कोरडं निघालं आणि पट्ट्याच्या कडेने ओल येत राहिली, तर टाकी उतरवण्याची वेळ आली असं समजा.

या पायरीवर दोष क्लिप, नळी, वॉशर किंवा गॅस्केटमध्ये सापडला तर सरळ तो भाग बदला आणि नवव्या पायरीवर जा. तांब्याचा वॉशर एकदा आवळला की चेपतो, म्हणून जोड उघडला की नवा घाला. जुना भाग साध्या सिलिकॉन सीलंटने चोपडू नका. डिझेलमध्ये सिलिकॉन फुगतं आणि त्याचे तुकडे फिल्टरकडे जातात. आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेपही डिझेलच्या जोडांवर वापरू नका. तिचे धागे सुटून पंपापर्यंत पोचू शकतात. डिझेलला टिकणारी थ्रेड पेस्ट मिळते, ती वापरा.

४. टाकी रिकामी करा

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा. ड्रेन प्लग असेल तर खाली ट्रे ठेवून तो उघडा. नसेल तर कॉक बंद करा, पुढची नळी सोडवून कॅनमध्ये घाला आणि मग कॉक पुन्हा उघडा. हातपंपाने वरूनही काढता येतं.

तोंडाने नळी ओढून डिझेल काढू नका. पोटात गेलं तर त्रास होतोच, पण घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला गंभीर इजा होते. कुणी डिझेल गिळलंच तर त्याला उलटी करायला लावू नका, सरळ दवाखान्यात न्या. उलटी होताना ते फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो.

काढलेलं डिझेल एक-दोन दिवस स्थिर ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे पाणी आणि गाळ तळाशी बसतो. वरचं स्वच्छ डिझेल गाळून परत वापरता येतं. तळाशी पाणी किती निघालं ते नीट बघून ठेवा, कारण बुडाला गंज का लागला याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

५. टाकी उतरवा

छोट्या ट्रॅक्टरमध्ये टाकी बॉनेटखाली, सीटखाली किंवा पायदानाच्या बाजूला असते. काय काय सोडवावं लागेल ते त्यावर ठरेल. काहीही सोडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. नळ्यांना चिकटपट्टी लावून "पुढे जाणारी", "परत येणारी" असं लिहा. या दोन अदलाबदल झाल्या तर ट्रॅक्टर सुरू होईना म्हणून तुम्ही दिवसभर भलतीकडेच शोधत बसाल.

गेजच्या वायरी काढा, नळ्यांच्या तोंडांना लगेच बुचं लावा आणि पट्टे सैल करा. टाकीत तळाला नेहमी थोडं डिझेल उरतं आणि उचलताना ते एका बाजूला धावतं. त्यामुळे दोघं असाल तर बरं.

६. आतून धुवा

टाकीतून फ्लोट युनिट आणि कॉक काढून घ्या. गरम पाण्यात कपड्यांची पावडर किंवा धुण्याचा सोडा घाला, टाकी अर्धी भरा आणि जोरात हलवा. आत गंजाचे पापुद्रे असतील तर मूठभर गुळगुळीत खडे किंवा नट टाकून हलवा; नंतर मोजून तितकेच बाहेर काढा. कॉस्टिक सोडा टाळा. तो अॅल्युमिनियम आणि जस्ताचा मुलामा खातो आणि डोळ्यांना, कातडीला घातक आहे.

पाण्यावर तेलकट तवंग येणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. मग टाकी उन्हात सगळी तोंडं उघडी ठेवून वाळवा. हे धुतलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा शेतात ओतू नका. वापरलेलं इंजिन ऑइल जिथे जमा होतं, तिथे द्या.

धुतलेली टाकी "आता सुरक्षित" असं मात्र कुणी समजू नये. शिवणीत अडकलेलं डिझेल धुण्याने पूर्ण निघत नाही.

७. दुरुस्ती की नवी टाकी?

टाकी उजेडात धरून आत टॉर्चने पाहा. बुडावर अंगठ्याने दाबा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेल्या जागी आवाज बसका येतो. दाबल्यावर पत्रा आत जात असेल किंवा टोकदार हत्याराने सहज भोक पडत असेल, तर ती टाकी संपली आहे. एका गंजलेल्या भोकाशेजारी आणखी दहा तयार होत असतात. एक बुजवलं तरी हंगामाच्या ऐन मध्यात दुसरं उघडेल.

माझा हिशेब सोपा आहे. धातूच्या टाकीला एक-दोन सुईएवढी भोकं किंवा शिवणीत छोटी चीर असेल आणि बाकी पत्रा टणक असेल, तर दुरुस्ती करा. बूड सगळीकडे गंजलं असेल तर बदला. प्लास्टिकच्या टाकीत भेग असेल तरी बदलाच. का ते पुढच्या पायरीत येईल. जुन्या मॉडेलची टाकी मिळत नसेल तर मोडीत निघालेल्या ट्रॅक्टरची मिळते, पण घेताना तिचं बूड असंच ठोकून बघा.

८. भोक बुजवणं

धातूची टाकी, थंड पद्धत. नवख्याने हीच वापरावी. दोन भागांचं, इंधनाला टिकणारं इपॉक्सी घ्या आणि डब्यावर तसं लिहिलेलं आहे ना ते वाचा. भोकाभोवती तीनेक सेंटीमीटरपर्यंत रंग, गंज सगळं घासून चकचकीत पत्रा उघडा करा. भोकाच्या कडा टोकदार हत्याराने खरवडून कच्चा भाग काढा, भोक थोडं मोठं झालं तरी चालेल. अॅसिटोनने पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका.

दोन्ही भाग सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा. जास्त हार्डनर घातलं की लवकर आणि घट्ट बसेल, ही समजूत चुकीची आहे; प्रमाण बिघडलं की ते कधीच पूर्ण कडक होत नाही. पहिला पातळ थर पत्र्यात दाबून चोळा, त्यावर फायबरग्लास कापडाचा तुकडा बसवा, पुन्हा थर द्या, दुसरा थोडा मोठा तुकडा ठेवा आणि शेवटचा थर द्या. २४ तास तरी हात लावू नका, थंडीत त्याहून जास्त. हाताला कडक लागलं म्हणजे आतून तयार झालं असं नसतं.

ओल्या जागेवर चिकटणारी इपॉक्सीची कांडीही मिळते. शेतात अडकलात तर ती उपयोगी आहे, पण तिला कायमची दुरुस्ती समजू नका.

डाग देणं (सोल्डरिंग) आणि वेल्डिंग. हे काम टाक्यांचा अनुभव असलेल्या कारागिराकडेच द्या आणि देताना "यात डिझेल होतं" हे तोंडाने सांगा. वाळलेली टाकी बघून समोरच्याला ते कळेलच असं नाही. जाणकार कारागीर टाकी दुरुस्तीच्या जागेच्या अगदी खालपर्यंत पाण्याने भरतो किंवा आतली हवा नायट्रोजनसारख्या निष्क्रिय वायूने काढून टाकतो, आणि तोंडं उघडी ठेवतो. यातलं काहीच न करता कुणी थेट वेल्डिंगची गन लावत असेल तर टाकी उचलून परत या.

डाग देणं हेही थंड काम नाही. कथिल-शिशाचा डाग साधारण १८५ ते २३० अंशांना वितळतो आणि डिझेल २१० अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेटू शकतं. त्यामुळे धुण्याची, पाणी भरण्याची सगळी काळजी इथेही तितकीच लागते.

आणखी एक युक्ती सांगितली जाते: चालू इंजिनचा धूर टाकीत सोडायचा म्हणजे आत ऑक्सिजन राहत नाही. यावर विश्वास ठेवू नका. डिझेल इंजिन गरजेपेक्षा पुष्कळ जास्त हवा ओढतं, त्यामुळे रिकाम्या फिरणाऱ्या इंजिनच्या धुरात ऑक्सिजन भरपूर उरलेला असतो.

आतून अस्तर. बारीक पाझर अनेक ठिकाणी असेल आणि पत्रा अजून टणक असेल, तर टाकीत ओतून फिरवायचं सीलर मिळतं. आत डिझेल, गंज किंवा ओल जराही राहिली तर हे अस्तर पापुद्र्यांनी सुटतं आणि फिल्टर तुंबवतं. करणार असाल तर डब्यावरची प्रत्येक सूचना पाळा, वाळायला सांगितलेले दिवस पूर्ण द्या आणि अस्तर ओलं असतानाच तोट्यांमधून हवा फुंकून त्या मोकळ्या ठेवा. तोटीवर बसलेला सीलरचा थर नंतर काढणं फार कठीण जातं.

प्लास्टिकची टाकी. या टाक्या बहुतेक करून पॉलिइथिलीनच्या असतात. या प्लास्टिकला गोंद, इपॉक्सी, झटपट चिकटवणारे पदार्थ काहीच नीट धरत नाही. दोन दिवस घट्ट वाटतं आणि मग पूर्ण चकती निघून येते. याला त्याच जातीच्या प्लास्टिकच्या कांडीने गरम हवेचं वेल्डिंग करावं लागतं. तेही अवघड असतं, कारण प्लास्टिकने डिझेल शोषून घेतलेलं असतं. टाकी बरेच दिवस उघडी वाळवल्याशिवाय सांधा धरत नाही. काही टाक्यांचं प्लास्टिक तर वितळतच नाही, नुसतं करपतं. भेग सहसा तोटीपाशी किंवा टाकी टेकते त्या जागी पडते, म्हणजे नेमका जिथे हादरा बसतो तिथे. म्हणून मी नवी टाकीच घ्या असं सांगतो.

९. बसवण्याआधी गळती तपासा

टाकीत पाणी भरून बघणं ही पहिली चाचणी ठीक आहे, पण तेवढ्यावर थांबू नका. पाण्याचा पृष्ठताण डिझेलच्या दुपटीहून जास्त असतो, त्यामुळे जिथे पाणी अडून राहतं तिथून डिझेल आरामात पाझरतं. हवेचा हलका दाब आणि साबणाचं पाणी ही खरी चाचणी.

इथला मोठा सापळा म्हणजे कॉम्प्रेसर. टाकीचा पत्रा दाबासाठी बनवलेला नसतो. ३० बाय ५० सेंटीमीटरच्या एका बाजूवर फक्त ०.१ बार दाब आला तरी तिच्यावर दीडशे किलोचा जोर येतो. कॉम्प्रेसरमध्ये सहा-आठ बार असतात. क्षणभर जास्त हवा गेली तर टाकी फुगून शिवण उसवते.

त्यापेक्षा हे करा. चारेक मीटर पारदर्शक नळी घ्या आणि तिचा मधला भाग 'यू' आकारात उभ्या फळीवर बांधा. दोन्ही बाजू सव्वा मीटर उंच असू द्या. त्यात निम्म्यापर्यंत पाणी भरा. एक टोक टाकीच्या तोटीला जोडा, दुसरं उघडं ठेवा. दुसऱ्या एका तोटीला सायकलचा हातपंप जोडा, बाकी तोंडं घट्ट बंद करा आणि सावकाश हवा भरा. नळीतल्या दोन पातळ्यांत एक मीटर फरक पडला की दाब ०.१ बार झाला. त्याहून जास्त हवा गेली तर पाणी बाहेर उडून दाब आपोआप सुटतो, म्हणजे मापही झालं आणि राखणही.

आता साबणाचा फेस शिवणी, तोट्या आणि दुरुस्त केलेल्या जागेवर लावा आणि बुडबुडे बघा. पाण्याची पातळी पंधरा मिनिटं टिकली पाहिजे. हे सावलीत करा. उन्हात आतली हवा तापून दाब वाढतो आणि खरी गळती झाकली जाते.

फक्त नळी किंवा क्लिप बदलली असेल, टाकी उतरवलीच नसेल, तर हे सगळं नको. डिझेल भरा, जोड कोरडे पुसा, पूड भुरभुरा आणि रात्रभर कागद ठेवून बघा.

१०. परत बसवणं

पट्ट्यांखाली आणि टाकीच्या बैठकीवर नवं रबर घाला. जुनं रबर पुन्हा वापरलं तर आधीची झीज तिथूनच सुरू होते. पट्टे टाकी हलणार नाही इतकेच आवळा. पत्रा दबेपर्यंत नको. नळ्या सायलेन्सरपासून दूर आणि कुठेही न घासता गेल्या पाहिजेत. झाकणाचं हवेचं बारीक छिद्र मोकळं आहे का ते फुंकून बघा. ते बंद असेल तर टाकीत पोकळी तयार होते, इंजिन काही वेळाने दम टाकतं आणि झाकण उघडताना सूं आवाज येतो. फिल्टर याच वेळी बदला, कारण टाकी हलवल्याने सुटलेला गाळ त्यातच येणार आहे.

११. हवा काढा

टाकी रिकामी झाली की नळ्यांत हवा शिरते आणि नळ्यांत अशी हवा असली की डिझेल इंजिन सुरू होत नाही. टाकी अर्धी तरी भरा, कॉक उघडा, फिल्टरवरचा एअर स्क्रू एक-दोन आटे सैल करा आणि फीड पंपावरचा हातपंप मारा. आधी फेस येईल, मग बुडबुड्यांशिवाय सलग डिझेल येईल. तेव्हा स्क्रू आवळा. नंतर इंजेक्शन पंपावरचा स्क्रू असेल तर तसंच करा. इलेक्ट्रिक फीड पंप असलेल्या ट्रॅक्टरमध्ये चावी नुसती 'ऑन' करून अर्धा मिनिट थांबलं की बरीचशी हवा आपोआप निघते, मॅन्युअलमध्ये बघा.

स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या.

इंजेक्टरच्या लोखंडी नळ्या गळतात का हे हात फिरवून तपासू नका. तिथला दाब शेकडो बारचा असतो. बारीक धार कातडी भेदून आत शिरते. सुईएवढाच ठिपका दिसला आणि दुखत नसलं तरी लगेच रुग्णालयात जावं लागतं, उशीर झाला तर बोट किंवा हात गमावायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघा. कॉमन रेल इंजिन (ज्यात सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक, फार जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) असेल तर या नळ्यांचे नट सोडूच नका.

१२. पुढचे काही दिवस

पहिल्या रात्री खाली कागद ठेवा. टाकी एकदा काठोकाठ भरून बघा, कारण वरच्या जोडांची परीक्षा तेव्हाच होते. आठ-दहा तास काम झालं की पट्टे आणि क्लिपा पुन्हा तपासा. नवं रबर दबतं आणि थोडी ढिलाई येते.

बुडाचा गंज आतून आला असेल तर कारण पाणी आहे. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतला दमटपणा पत्र्यावर थेंबांनी जमतो आणि तळाशी उतरतो. डिझेल आणि पाणी मिळतात त्या थरात बुरशी आणि जिवाणू वाढतात, काळा बुळबुळीत गाळ होतो आणि त्यातलं आम्ल पत्रा खातं. म्हणून दिवसाचं काम संपल्यावर टाकी भरून ठेवा, डिझेल गाळून घाला, आणि काचेच्या बाऊलमध्ये पाणी दिसलं की त्याच दिवशी काढा. ट्रॅक्टर महिनोन् महिने उभा राहणार असेल तर ड्रेन प्लग जरासा सैल करून तळाचं कपभर डिझेल काचेच्या बरणीत घ्या. खाली पाण्याचा वेगळा थर दिसला, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा आणि मगच टाकी भरून ट्रॅक्टर उभा करा.